जुना एन्लार्जर: ओळख, पारख आणि मांडणी

जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारे यंत्र, विकत घेताना बहुतेकांची नजर आधी लेन्सवर जाते आणि सौद्याचा निर्णयही तिच्याकडे पाहूनच होतो. वास्तविक लेन्स हा या यंत्राचा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. ३९ मिमी आट्यांची चांगली लेन्स आज नाही तर काही महिन्यांनी मिळते. पण ज्या मॉडेलचे उत्पादन थांबून कित्येक वर्षे लोटली आहेत, त्याचा निगेटिव्ह कॅरिअर (निगेटिव्ह धरणारी चौकट), त्याचा लेन्सबोर्ड (लेन्स बसवण्याची पट्टी) किंवा त्याच्या कंडेन्सरची (बल्बचा प्रकाश निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगांची) जोडी हरवलेली असेल, तर ती मिळवण्यासाठी कधीकधी त्याच जातीचे दुसरे अख्खे यंत्र घ्यावे लागते. म्हणून जुन्या एन्लार्जरची पारख त्याच्या किरकोळ दिसणाऱ्या सुट्या भागांपासून सुरू करावी आणि घरी आणल्यावर पहिला वेळ त्याची पातळी जुळवण्यात घालवावा. या दोन गोष्टी नीट झाल्या, तर पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्रही आजच्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ प्रिंट देते.

आधी निगेटिव्हचा आकार

एन्लार्जरची पहिली मर्यादा म्हणजे त्यात मावणारी सर्वांत मोठी निगेटिव्ह. ज्यांच्याकडे केवळ ३५ मिमीचा कॅमेरा आहे त्यांना लहान यंत्र पुरेसे वाटते, परंतु घरातल्या पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या काळच्या निगेटिव्ह असतील तर त्या आधी पट्टीने मोजून पाहाव्यात. एकेकाळी आपल्याकडे घरोघरी दिसणारा आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा १२० च्या रोलवर ६×६ सेंमीच्या चौकोनी निगेटिव्ह देत असे आणि ३५ मिमीपुरत्या बनवलेल्या यंत्रात त्या बसतच नाहीत. म्हणून निवड करण्याची संधी असेल तर निदान ६×६ पर्यंतचे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात योग्य कॅरिअर आणि कंडेन्सर लावून ३५ मिमीची निगेटिव्हही छापता येते; उलट मात्र होत नाही. ४×५ इंचांची यंत्रे भक्कम असतात, पण त्यांच्यासाठी टेबलाची ताकद आणि छताची उंची दोन्ही लागतात. जुन्या स्टुडिओंतल्या हाफ प्लेट, म्हणजे ४¾×६½ इंचांच्या काचा छापायच्या असतील, तर तेवढा एन्लार्जर शोधत बसण्यापेक्षा त्या कागदाला चिकटून ठेवून त्यांचे सरळ कॉन्टॅक्ट प्रिंट काढावेत.

खांबाची उंचीही याच वेळी पाहावी, आणि त्यासाठी अंदाज नको, साधे गणित पुरते. लेन्सपासून कागदापर्यंतचे अंतर म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले (मोठेपणाची पट अधिक एक). आणि लेन्सपासून निगेटिव्हपर्यंतचे अंतर म्हणजे फोकल लेंग्थ अधिक, तीच फोकल लेंग्थ भागिले पट. २४×३६ मिमीच्या निगेटिव्हने ८×१० इंचांचा कागद पूर्ण भरायचा तर ती सुमारे साडेआठ पट वाढवावी लागते. ५० मिमीच्या लेन्सने त्यासाठी लेन्स कागदापासून साधारण ४७५ मिमी आणि निगेटिव्हपासून ५६ मिमी अंतरावर येते. तीच निगेटिव्ह १६×२० इंचांवर न्यायची तर सुमारे १७ पट वाढ लागते आणि लेन्स कागदापासून ९० सेंमी वर जाते. छोट्या यंत्राच्या खांबाला हे झेपत नाही. खांब उलट दिशेला फिरवून प्रतिमा जमिनीवर पाडण्याची सोय काही यंत्रांत असते, पण तसे करताना बेसबोर्डवर, म्हणजे खालच्या फळीवर, पुरेसे वजन ठेवल्याशिवाय हेड, म्हणजे बल्ब आणि लेन्स असलेला वरचा भाग, सोडू नये.

५६ मिमी हा दुसरा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. निगेटिव्ह आणि लेन्स यांच्यामधला घडीचा भाता पूर्ण मिटल्यावरही लेन्स निगेटिव्हच्या एवढ्या जवळ येत नसेल, तर ५० मिमीची लेन्स मोठ्या प्रिंटवर फोकस होणारच नाही. खोलगट लेन्सबोर्ड असतात ते याच कारणासाठी.

नावाची पट्टी आणि नाव नसलेली यंत्रे

नावाची पट्टी सहसा लॅम्प हाऊसवर, म्हणजे बल्बच्या घरावर, किंवा खांबावर सरकणाऱ्या भागावर असते. आपल्याकडच्या बंद पडलेल्या स्टुडिओंतून किंवा जुन्या बाजारातून येणाऱ्या यंत्रांत डर्स्ट आणि मेओप्टा ही नावे आढळतात. ज्युलियस आणि गिल्बर्ट या डर्स्ट बंधूंनी १९३६ मध्ये उत्तर इटलीतील ब्रिक्सेन येथे ही कंपनी काढली. तिच्या मॉडेलच्या आकड्यात बहुधा आकार दडलेला असतो: एम ३०५ आणि एम ३७० ही ३५ मिमीची, एम ६०१ आणि एम ६०५ ही ६×६ ची, एम ६७० हे ६×७ चे, तर १३८ हे १३×१८ सेंमीचे यंत्र. एल १००० आणि एल १२०० ही ४×५ इंचांची मोठी यंत्रे आहेत. डर्स्टचे लेन्सबोर्ड आणि कंडेन्सर मॉडेलनुसार बदलतात, आणि 'डर्स्टचा आहे, म्हणजे बसेल' हे विक्रेत्याचे वाक्य यंत्रावर लावून पाहिल्याशिवाय मान्य करू नये.

मेओप्टाचा कारखाना तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील प्शेरोव या गावी. १९३३ मध्ये ऑप्टिकोटेक्ना या नावाने सुरू झालेली ही कंपनी १९४६ मध्ये मेओप्टा झाली, त्यामुळे अगदी जुन्या यंत्रावर पहिले नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये. अ‍ॅक्सोमॅट ३५ मिमीसाठी, ओपेमुस ६×६ साठी आणि मॅग्निफॅक्स ६×९ साठी, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले. प्रथमच यंत्र घेणाऱ्याने चांगल्या अवस्थेतला ओपेमुस समोर आला तर फार विचार करू नये. रचना साधी आहे आणि घरच्या पान्यांनी उघडता येते.

वेट्झलरच्या लायट्झ कंपनीचा फोकोमॅट वन-सी हा ३५ मिमीचा नामांकित एन्लार्जर. त्याचे हेड वरखाली केले तरी फोकस आपोआप टिकतो, पण ही सोय विशिष्ट ५० मिमीच्या लेन्सशी जुळवलेली असते. मूळ लेन्स नसेल तर ती जुळणी नव्याने करावी लागते. सोव्हिएत बनावटीचा यूपीए हा सुटकेसमध्ये मिटवून ठेवता येणारा एन्लार्जर जागेची अडचण असलेल्यांना आकर्षक वाटतो. लहान प्रिंटसाठी तो ठीक आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना प्रामुख्याने बेसलर आणि ओमेगा भेटतील. दोन तिरप्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर चालणारा बेसलर २३ सी ६×९ पर्यंत, तर ओमेगाचे डी २ आणि डी ५ हे ४×५ इंचांपर्यंत चालतात. ही यंत्रे भारतात आणायची झाल्यास विजेचा प्रश्न येतो. तो पुढे घेतला आहे.

नाव खरवडलेले किंवा मुळातच नसलेले यंत्र समोर आले, तर तीन मापे घ्यावीत: कॅरिअर ज्या खाचेत सरकतो तिची लांबी, रुंदी आणि उंची, लेन्सबोर्डचा आकार किंवा व्यास, आणि कंडेन्सरचा व्यास. कंडेन्सरचा व्यास निगेटिव्हच्या कर्णापेक्षा थोडा जास्त असावा लागतो. ३५ मिमीच्या निगेटिव्हचा कर्ण ४३ मिमी, ६×६ चा सुमारे ७९ मिमी आणि ६×९ चा सुमारे १०० मिमी असतो, म्हणजे केवळ काच मोजून यंत्र कोणत्या आकारासाठी बनले आहे ते सांगता येते. अशा अनामिक यंत्राचा कॅरिअर हरवला असला तरी सपाट कॅरिअर असेल तर तो दोन मिमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेता येतो. पत्र्याच्या आतल्या कडा मात्र पॉलिशपेपरने गुळगुळीत करून त्यांना मॅट काळा रंग द्यावा, नाहीतर पहिल्याच निगेटिव्हवर ओरखडे उठतील आणि चकाकत्या कडेचे प्रतिबिंब प्रिंटच्या काठावर उतरेल.

पैसे देण्याआधी

पाहायला जाताना सोबत टॉर्च, फूटपट्टी, एखादी काळी झालेली फिल्मची पट्टी आणि शक्य असल्यास आपली ५० मिमीची लेन्स न्यावी. काळी पट्टी म्हणजे प्रकाश लागू देऊन डेव्हलप केलेला रोलचा सुरुवातीचा तुकडा. त्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये सुईने बारीक फुल्या कोरून ठेवाव्यात. हा तुकडा पुढे प्रत्येक चाचणीत उपयोगी पडतो.

प्रथम खांब. हेड मधल्या उंचीवर घट्ट करावे आणि लॅम्प हाऊसला बोटाने डावीकडून उजवीकडे हलकेच ढकलावे. थोडी लवचिकता असते. पण खटखट असा आवाज येऊन हेड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर बसत असेल, तर पकड झिजली आहे असे समजावे. मग सुईने कोरलेली पट्टी लावून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करावा, दहा मिनिटे विक्रेत्याशी गप्पा माराव्यात आणि पुन्हा पाहावे. फुल्या आपोआप पुसट झाल्या असतील तर हेड किंवा लेन्सचा भाग स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आहे. घर्षणावर चालणारे चाक असेल तर त्यावरचे तेल-ओशट काढल्याने हा दोष बहुतेक वेळा जातो. दात झिजलेली पट्टी असेल तर मात्र किंमत उतरवून मागावी किंवा सोडून द्यावे.

भाता तपासण्यासाठी खोली अंधारी करून आतून टॉर्च लावावा. घडीच्या कोपऱ्यांवर सुईच्या टोकाएवढे प्रकाशबिंदू दिसले तर काळा लवचिक रंग किंवा पातळ काळे कापड चिकटवून ते बुजवता येतात. संपूर्ण घडीच चिरत असेल तर नवा भाता करावा लागेल, आणि ते काम वाटते त्यापेक्षा किचकट आहे.

कंडेन्सर बाहेर काढून प्रकाशासमोर धरावा. बारीक ओरखडे प्रिंटवर उमटत नाहीत, पण निगेटिव्हच्या बाजूच्या काचेवरचा मोठा टवका उमटू शकतो. बऱ्याच यंत्रांत कंडेन्सर म्हणजे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर अशा दोन काचा असतात व त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींसमोर बसतात. आधीच्या मालकाने पुसताना एखादी काच उलटी बसवलेली आढळणे दुर्मीळ नाही. ज्या यंत्रांत निगेटिव्हच्या आकारानुसार कंडेन्सर बदलावा लागतो, तिथे आपल्याला लागणारा संच आहे की नाही याची खात्री करावी. ६×६ साठीचा कंडेन्सर ३५ मिमीला केवळ प्रकाश कमी देतो, पण ३५ मिमीचा कंडेन्सर ६×६ ला लावला तर मध्यभागी उजेडाचे वर्तुळ आणि कोपरे काळोखात, असे चित्र दिसते.

रंगीत प्रिंटसाठी बनवलेले, पिवळा, मॅजेंटा आणि सायन असे तीन फिल्टर आत असलेले कलर हेड मिळाले तर कृष्णधवल कामासाठीही ते उत्तम. मल्टिग्रेड कागदावर, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या कागदावर, पिवळा वाढवला की कॉन्ट्रास्ट उतरतो आणि मॅजेंटा वाढवला की चढतो, त्यामुळे फिल्टरचा वेगळा संच लागत नाही. शिवाय त्याचा प्रकाश पसरट असल्याने निगेटिव्हवरची धूळ आणि ओरखडे कंडेन्सरच्या तुलनेत कमी दिसतात. मात्र त्याचा ट्रान्सफॉर्मर सोबत आहे का आणि फिल्टरच्या तबकड्या पूर्ण फिरतात का, हे पाहिल्याशिवाय कलर हेडसाठी जादा पैसे देऊ नयेत.

आता लेन्स. टॉर्च एका बाजूने तिरका धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोकणात आणि मुंबईत राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी हमखास सापडते. कडेला थोडी असेल तर चालते, मध्यभागी असेल किंवा काच सगळीच दुधाळ दिसत असेल तर प्रिंटचा काळा रंग मेलेला येतो. एल-निक्कोर ५०/२.८, श्नायडरची कॉम्पोनॉन-एस आणि रोडेनस्टॉकची रोडागॉन या सहा भिंगांच्या लेन्स आहेत आणि त्यांपैकी कोणतीही स्वच्छ मिळाली तर पुढे बदलावीशी वाटत नाही. कॉम्पोनार किंवा रोगोनार या तीन भिंगांच्या लेन्सही एफ/८ वर ८×१० पर्यंत समाधानकारक काम देतात. ६×६ साठी ७५ किंवा ८० मिमी, ६×९ साठी १०५ मिमी आणि ४×५ इंचांसाठी १३५ किंवा १५० मिमी ही रूढ जोडी आहे. आटे बहुतेक वेळा ३९ मिमीचे असतात. काही जुन्या लेन्सना २५ मिमीचे असतात व त्यांना जोडकडी लागते. लेन्सबोर्डच्या मागे लागणारी आटेदार कडी खिशात टाकण्याएवढी लहान असते आणि म्हणूनच ती हटकून हरवलेली असते. ती मागून घ्यावी.

इंदू छापाच्या कागदाची जुनी पाकिटे विक्रेता अनेकदा भेट म्हणून देतो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा हा कागद आता प्रिंटसाठी भरवशाचा राहिलेला नाही, पण आकार आखण्यासाठी आणि फोकस पाहण्यासाठी ईझलमध्ये, म्हणजे कागद सपाट धरणाऱ्या चौकटीत, ठेवायला तो झकास आहे.

उचलून आणताना

अनेक यंत्रांत हेडचे वजन तोलण्यासाठी स्प्रिंग असते आणि हेड जितके खाली तितकी ती अधिक ताणलेली असते. हेड खाली असताना ते काढून घेतले, तर खांबावरचा मोकळा झालेला भाग सुसाट वर जातो व बोटे मोडू शकतात. म्हणून आधी हेड अगदी वर नेऊन घट्ट करावे, मग ते उतरवावे. बल्ब, कंडेन्सर आणि लेन्स वेगळ्या बांधाव्यात. उतरवण्यापूर्वी मोबाईलवर चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली की जोडताना डोके खाजवावे लागत नाही.

वीज: येथे घाई करू नये

जुन्या यंत्राची वायर जशी आहे तशी प्लगमध्ये घालू नये. रबराचे आवरण कडक होऊन तडकलेले असते, आणि फार जुन्या उष्णतारोधक वायरींच्या कापडी आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. असे आवरण खरवडत बसू नये. वायरमनकडून नवी तीन तारांची वायर घालून घ्यावी आणि तिसरी तार लॅम्प हाऊसच्या धातूला पक्की जोडून घ्यावी. ओल्या हातांनी वावरण्याच्या खोलीत धातूचे यंत्र अर्थिंगशिवाय चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

कंडेन्सरच्या यंत्राला साधारणपणे ७५ किंवा १५० वॅटचा दुधी काचेचा खास बल्ब लागतो. साधा दुधी बल्ब लावायची वेळ आली तर त्याच्या टोकावर कंपनीचे नाव आणि वॅट छापलेले नाहीत याची खात्री करावी. कंडेन्सर त्या अक्षरांची सावली कागदावर पाडू शकतो. एलईडी बल्ब थंड राहतो आणि निगेटिव्ह उष्णतेने फुगत नाही, हे खरे. परंतु मल्टिग्रेड कागद निळ्या व हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावर चालतो आणि एलईडीत ते प्रमाण वेगळे असल्याने फिल्टरच्या अंकांप्रमाणे कॉन्ट्रास्ट मिळेलच असे नाही. काही एलईडी बंद केल्यावर क्षणभर तेवत राहतात, त्यांचा टायमरशी मेळ बसत नाही.

अमेरिकी यंत्राला भारतात २३० व्होल्टवरून उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याने व्होल्टेज बदलते, वारंवारता बदलत नाही. तारेच्या बल्बला त्याने काही फरक पडत नाही, पण ६० हर्ट्झवर धावणाऱ्या मोटरीचा जुना घड्याळी टायमर आपल्या ५० हर्ट्झवर सहा सेकंदांच्या कामाला पाच सेकंदच मोजतो. टायमर इथलाच घ्यावा.

व्होल्टेजच्या चढउताराकडेही दुर्लक्ष करू नये. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने बदलतो. व्होल्टेज ५ टक्के घसरले तर उजेड सुमारे १६ टक्के घटतो. संध्याकाळी काढलेली टेस्ट स्ट्रिप (वेळ ठरवण्याची चाचणी-पट्टी) आणि रात्री काढलेला प्रिंट जुळत नसेल, तर दोष डेव्हलपरला देण्याआधी मीटर लावून पाहावा. गावाकडे स्टॅबिलायझर घेतलेला बरा.

जोडणी आणि साफसफाई

टेबल जड असावे, आणि ते कपडे धुण्याच्या यंत्राच्या किंवा पंपाच्या शेजारी नसावे. खांब उंच असेल तर त्याचे वरचे टोक लोखंडी पट्टीने भिंतीला बांधावे. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा कंप बेसबोर्डपेक्षा हेडमध्ये जास्त जाणवतो. यंत्रामागची भिंत मॅट काळ्या रंगाने रंगवावी किंवा तिथे काळा कागद लावावा, म्हणजे लॅम्प हाऊसमधून निसटलेला उजेड परत कागदावर येणार नाही.

कंडेन्सरच्या काचा काढण्याआधी त्यांचा क्रम आणि दिशा कागदावर काढून ठेवावी. कोमट पाण्यात भांड्याचा साबण थेंबभर घालून त्या धुवाव्यात आणि मऊ सुती कापडाने कोरड्या कराव्यात. काही यंत्रांत बल्ब मागे असतो आणि ४५ अंशांतल्या आरशावरून प्रकाश खाली येतो. त्या आरशाचे चांदीकाम वरच्याच बाजूला असल्याने त्याच्यावर फक्त फुंकणीने हवा मारावी, चोळू नये. सरकत्या भागांवर सढळ हाताने तेल ओतण्याचा मोह टाळावा. घर्षणावर धरून राहणाऱ्या जागी तेल म्हणजे घसरगुंडी.

पातळी जुळवणे

निगेटिव्ह, लेन्स आणि कागद ही तीन प्रतले एकमेकांना समांतर असली पाहिजेत. ती नसतील तर जगातली उत्तम लेन्सही एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ देणार. येथे जमिनीशी समपातळी असण्याला महत्त्व नाही, तीन प्रतलांचा आपापसांतला मेळ महत्त्वाचा आहे; तरीही बेसबोर्ड आधी पाणसळीने समपातळीत आणला की पुढचे मोजमाप सोपे होते.

क्रम असा ठेवावा. हेड नेहमीच्या कामाच्या उंचीवर, म्हणजे ८×१० चा प्रिंट जिथे काढायचा तिथे, आणून घट्ट करावे. हेड तिरपे करण्याची सोय असेल तर ते शून्यावर आणून तिथला स्क्रू आवळावा. जुळणी बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण हा ढिला स्क्रू असतो. पाणसळ ईझलवर ठेवून बुडबुड्याची नेमकी जागा डावी-उजवी आणि पुढे-मागे अशा दोन्ही दिशांत टिपून घ्यावी. मग कॅरिअर बाहेर काढून तो ज्या पृष्ठभागावर टेकतो तिथे सपाट काचेची पट्टी ठेवावी आणि तिच्यावर तीच पाणसळ त्याच तोंडाने ठेवावी. बुडबुडा त्याच जागी आला पाहिजे. अंशाचा दहावा भाग दाखवणारे लहान डिजिटल कोनमापक मिळाले तर काम आणखी नेमके होते. मोबाईलचे अ‍ॅप मात्र मोबाईलच्या मागे उंचावलेल्या कॅमेऱ्यामुळे हमखास फसवते.

फरक आढळला तर आधी खांब आणि बेसबोर्ड यांच्या जोडाकडे पाहावे. खांबाला जोडलेले चार बोल्ट थोडे सैल करून, ज्या बाजूला उचलायचे आहे तिथे पातळ पितळी पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या घडीची पाचर घालावी आणि बोल्ट आलटून-पालटून आवळावेत. सरळ उभ्या खांबाच्या यंत्रात गुण्या लावून खांबाचा काटकोनही पाहता येतो, पण तिरप्या खांबाच्या यंत्रात तो उपयोगाचा नाही. एका वेळी एकाच दिशेची दुरुस्ती करावी. दोन्ही एकदम करायला गेले की नेमके काय बदलले तेच कळत नाही.

निगेटिव्हचे प्रतल जमले की लेन्सकडे वळावे. लेन्सचे तोंड अरुंद असल्यामुळे तिथे पाणसळ टेकत नाही, म्हणून दोन आरशांची युक्ती वापरावी. सपाट आरशाचा एक तुकडा ईझलवर, लेन्सच्या बरोबर खाली ठेवावा. दुसऱ्या तुकड्याच्या मागच्या रंगाचा मध्यावरचा पाच-सहा मिमीचा गोल खरवडून तिथे आरपार दिसेल असे करावे आणि तो तुकडा चकाकती बाजू खाली ठेवून लेन्सच्या पुढच्या कडीला सपाट धरावा. लेन्स काढून, लेन्सबोर्डच्या भोकातून वरून खाली पाहिले तरी चालते. छिद्रातून पाहिल्यावर एकात एक जाणाऱ्या प्रतिबिंबांची रांग दिसते. ती समकेंद्री असेल तर दोन्ही प्रतले समांतर आहेत. रांग बोगद्यासारखी एका बाजूला वळत असेल तर लेन्सबोर्ड त्या अंगाने झुकलेला आहे. लेन्सबोर्डला समायोजनाचे स्क्रू नसतील तर त्याच्या कडेखाली कागदाच्या बारीक पट्ट्या घालाव्यात. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते, म्हणजे एकेक पट्टी वाढवत गेले की पुरेसा नेमकेपणा मिळतो.

शेवटचा निवाडा सुईने कोरलेल्या पट्टीचा. ती कॅरिअरमध्ये घालून लेन्स पूर्ण उघडावी, ग्रेन फोकसरने, म्हणजे ईझलवर ठेवून फोकस पाहण्याच्या भिंगाने, मधली फुली धारदार करावी आणि मग बटणाला हात न लावता चारही कोपरे पाहावेत. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे किंवा फिल्म मध्ये फुगली आहे. डायफ्रॅम, म्हणजे लेन्सचे छिद्र, लहान केले की हा दोष बहुतांशी भरून निघतो. डावे दोन धारदार आणि उजवे दोन मऊ असतील तर जुळणी अजून बाकी आहे. पट्टी उलटी फिरवून पुन्हा पाहिल्यास दोष फिल्मच्या वाकडेपणाचा की यंत्राचा हेही कळते: मऊपणा पट्टीबरोबर फिरला तर तो फिल्मचा, जागेवरच राहिला तर यंत्राचा.

प्रकाश सारखा करणे

कॅरिअर रिकामा ठेवून, लेन्स एफ/५.६ वर आणून, ईझलवर पांढरा कागद ठेवून पाहावे. बल्ब ज्या दांड्यावर आहे तो वरखाली सरकवला की मध्यभागीचा तेजस्वी डाग कोपऱ्यांकडे पसरतो. सर्वांत सारखा उजेड मिळेल त्या उंचीवर दांडा घट्ट करून तिथे रंगाची खूण करावी. डोळा या कामी फारसा भरवशाचा नाही. म्हणून त्याच स्थितीत मल्टिग्रेड कागदाच्या एका तावाला फिकट राखाडी येईल एवढाच प्रकाश देऊन तो डेव्हलप करावा. राखाडी रंगात फरक लगेच दिसतो, तो काळ्यात किंवा पांढऱ्यात दडून राहतो. कडा पांढऱ्या पडत असतील तर बल्बची उंची किंवा कंडेन्सरचा संच चुकलेला आहे. एकच कोपरा फिका असेल तर बल्ब बाजूला सरकलेला किंवा फिल्टरची चौकट आडवी येत असावी.

त्यानंतर गळतीची परीक्षा. सेफलाइट (कागदावर परिणाम न करणारा डार्करूमचा मंद दिवा) बंद ठेवून, लेन्सवर झाकण लावून, ईझलवर कागद आणि कागदावर एक नाणे ठेवावे. एन्लार्जर पाच मिनिटे चालू ठेवून कागद डेव्हलप करावा. नाण्याची पांढरी चकती उमटली तर उजेड कुठूनतरी निसटतो आहे. लॅम्प हाऊसच्या हवेच्या झरोक्यांतून थोडा उजेड बाहेर येणे स्वाभाविक असते, पण ते झरोके बुजवू नयेत, त्यांवर हवा जाऊ देणारी काळ्या पत्र्याची ओढणी लावावी. सेफलाइटची परीक्षा अशीच, पण वेगळी घ्यावी. दोन्ही एकत्र केल्या तर दोषी कोण ते ठरत नाही.

फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी आणि प्रिंट काढताना दोन किंवा तीन स्टॉप (छिद्राचे टप्पे) बंद, हा नियम बहुतेक लेन्सना लागू पडतो, उदाहरणार्थ एफ/२.८ च्या लेन्ससाठी एफ/५.६ ते एफ/८. एफ/१६ वर नेले की धार वाढण्याऐवजी विवर्तनाने कमी होऊ लागते. प्रकाशाची वेळ १० ते ३० सेकंदांत बसेल असे पाहावे, कारण त्याहून कमी वेळेत झाकून-दाखवून फिकट-गडद करायला हाताला सवड मिळत नाही.

जुळणी एकदा झाली की ती कायमची राहत नाही. यंत्र हलवले, लेन्सबोर्ड बदलला किंवा ६×६ वरून पुन्हा ३५ मिमीवर आले की कोरलेली पट्टी घालून चार कोपरे पाहून घ्यावेत; दोन मिनिटांचे काम आहे. जूनच्या आधी लेन्स काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, लेन्सबोर्डच्या भोकावर झाकण लावावे आणि हेडवर प्लास्टिकऐवजी सुती कापड टाकावे, कारण प्लास्टिकखाली कोंडलेल्या दमट हवेत कंडेन्सरच्या आतल्या बाजूलाही बुरशी धरते. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून ते पुन्हा वापरता येते.